‘प्रिंटर झोपलो’ : एका वाचनालयाचं लिनक्सवर जाणं आणि मदत मिळवणं

सिंधुदुर्गात, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवरचं एक सार्वजनिक वाचनालय. चार संगणक, एक लेझर प्रिंटर, पावसात जाणारं-येणारं फायबरचं इंटरनेट आणि पगारी माणसं दोनच : ग्रंथपाल बाई आणि एक तरुण सहायक. कार्यवाह म्हणजे निवृत्त शिक्षक, बिनपगारी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा चारही यंत्रांवर तेच होतं आणि एकही यंत्र विंडोज ११ ला पात्र नव्हतं. देवघेवीच्या टेबलावरचं आणि अभ्यासिकेतलं यंत्र इंटेलच्या चौथ्या पिढीचं. विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागतं. एक वर्षाची वाढीव सुरक्षा-मुदत, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, घेता आली असती. ते दुखणं पुढच्या वर्षावर ढकलणं झालं असतं. समितीनं तीन यंत्रं लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीवर न्यायचं आणि चौथं तसंच ठेवायचं ठरवलं. चौथ्याचं कारण शेवटी येईल.

पहिल्या, काउंटरवरच्या यंत्राचं इन्स्टॉल एका दुपारी झालं. पुढचे सहा आठवडे गेले ते मदत शोधण्यात. त्यामुळे इथं भर त्या सहा आठवड्यांवर आहे.

(आज्ञा इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या; मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे.)

काय घातलं, कसं घातलं

निवडलं ते मिंट २२.२, एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती. २२ ची सगळी मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळतात. एक्सएफसीई हलकी, म्हणून ४ जीबी रॅमवर जमते. तरी ब्राउझर उघडला की ४ जीबी संपायला वेळ लागत नाही. दोन्ही डेस्कटॉपांत रॅम ८ जीबी केली आणि हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी बसवली. काउंटरवरच्या यंत्रात मात्र जुनी डिस्कही जोडलेली राहू दिली, म्हणजे अडलं तर दोन आठवडे विंडोज उघडता येईल. (या तात्पुरत्या सोयीनं पुढं एक कोडं घातलं आणि सोडवलंही.) जुन्या यंत्राला एसएसडी दिल्यावर जो फरक पडतो त्याचं श्रेय लोक लिनक्सला देतात. निम्मं श्रेय डिस्कचं.

इन्स्टॉलची आयएसओ फाइल पावणेतीन-तीन जीबीची. मोबाइलच्या रोजच्या डेटात ती बसत नाही, अर्ध्यावर तुटते, आणि तुटलेली फाइलही पेनड्राइव्हवर बिनतक्रार लिहिली जाते. म्हणून एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलीवरून निघणारा पडताळणीचा आकडा) मिंटच्या संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहणं चुकवू नये.

इथं एक चूक झाली. पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वाय-फाय, आवाज, ब्राउझर हे तिन्ही काउंटरच्या यंत्रावर तसं तपासलं गेलं. प्रिंटर तेवढा राहिला.

पहिला प्रश्न, आणि त्याला न मिळालेलं उत्तर

तिसऱ्या दिवशी अनुदानाचे कागद छापायचे होते. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० प्लस, सरकारी कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हजारोंनी दिसणारा. मिंटनं तो ओळखला, यादीत नाव आलं, छपाई ‘पूर्ण’ झाल्याचं दिसलं, कागद मात्र जागचा हलला नाही. कार्यवाहांनी मालवणीत निदान केलं : “प्रिंटर झोपलो.”

सहायकानं मिंटच्या चर्चापीठावर जो प्रश्न टाकला त्याचा मजकूर जवळजवळ हाच होता : प्रिंटर चालत नाही, कृपया तातडीनं मदत करा, सरकारी कागद उद्या द्यायचे आहेत. दोन उत्तरं आली. एकानं विचारलं, कुठला प्रिंटर. दुसऱ्यानं विचारलं, कसा जोडलाय, मिंटची कुठली आवृत्ती. सहायक दोन दिवस तिकडे फिरकला नाही, आणि धागा खाली गेला.

त्या लोकांना रस नव्हता असा अर्थ सहायकानं काढला. तसं काही नव्हतं. तिथं उत्तरं देणारे आपल्या फावल्या वेळात, आपल्या खर्चानं बसतात. ‘तातडी’ या शब्दाचा त्यांना उपयोग नाही, मॉडेल नंबराचा आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये ही म्हण या व्यवहाराला जशीच्या तशी लागू पडते : आपण काय वापरतो हे सांगायची लाज किंवा कंटाळा केला की समोरच्याला ताक कशात ओतायचं तेच कळत नाही.

वेळेचंही एक गणित आहे. अशा ठिकाणी उत्तरं देणारे पुष्कळजण युरोप-अमेरिकेत असतात. आपल्या संध्याकाळी सात-आठला प्रश्न टाकला तर युरोपात दुपार असते आणि अमेरिकेत सकाळ. उत्तरं रात्रीतून येतात, सकाळी वाचनालय उघडताना वाचायला मिळतात. सकाळी अकराला टाकलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पानावर गेलेला असतो.

वही

तोडगा निघाला तो ग्रंथपाल बाईंच्या सवयीतून. त्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची वेळेसकट नोंद ठेवतात. काउंटरच्या वहीत चार ओळी होत्या :

मंगळ, स. १०.२० – विंडोजमध्ये जुनी यादी छापली. मग मिंट सुरू केलं. प्रिंट आली.
मंगळ, दु. १.०५ – लाइट गेली, १.४० ला आली. मिंटमधून प्रिंट नाही.
बुध, स. १०.०० – थेट मिंट सुरू केलं. प्रिंट नाही.
बुध, स. १०.३० – विंडोज उघडून चाचणीपान छापलं. परत मिंट. प्रिंट आली!

सहायकानं नवा प्रश्न लिहिला. विषयाच्या ओळीतच सगळं : मिंट २२.२ एक्सएफसीई, लेझरजेट १०२० प्लस, यूएसबी, काम पूर्ण दिसतं पण कागद हलत नाही, विंडोज उघडून आल्यावर मात्र छापतो. खाली वहीतल्या चार ओळी साध्या इंग्रजीत. त्याखाली तीन आज्ञांचं उत्तर : ‘आयएनएक्सआय -एफझेड’ (यातलं एफ मोठं) म्हणजे यंत्राची सगळी कुंडली, ‘एलएसयूएसबी’ म्हणजे यूएसबीला काय काय जोडलंय, ‘एलपीस्टॅट -टी’ म्हणजे छपाईच्या रांगेची अवस्था. पहिल्या आज्ञेतलं ते शेवटचं झेड महत्त्वाचं. त्यानं अनुक्रमांक आणि नेटवर्क कार्डाचे पत्ते झाकले जातात; ते चव्हाट्यावर टाकायचं कारण नाही. शेवटी, काय काय करून झालं : केबल बदलली, दुसरं पोर्ट पाहिलं, प्रिंटर काढून पुन्हा जोडला.

यंत्राची भाषा मराठी केलेली असेल तर आणखी एक काळजी. त्रुटीचे संदेश अर्धे मराठीत येतात, आणि ते जगात कुणीच शोधलेले नसतात. शिवाय टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ (ही अक्षरं मोठी) लिहून एक जागा सोडली की त्या एका आज्ञेपुरता संदेश इंग्रजीत येतो. संदेश जसाच्या तसा चिकटवावा. आपलं वर्णन भाषांतर-यंत्रातून काढायला हरकत नाही. त्रुटीचा मजकूर त्या यंत्रात घालू नये. आणि पडद्याचा मोबाइलनं काढलेला तिरपा फोटो पाठवू नये. तो शोधता येत नाही, त्यातलं काही उचलून चिकटवताही येत नाही.

उत्तर त्याच रात्री आलं. देणाऱ्यानं वहीतल्या पहिल्या आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

झोपण्याचं कारण

लेझरजेट १०२० स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, कायमचं साठवत नाही. ते त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतं आणि वीज गेली की पुसलं जातं. दर वेळी सुरू झाल्यावर संगणकानं ते पाठवायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर हे काम गुपचूप करतो, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. विंडोजनं एकदा पाठवलं की प्रिंटर चालू असेपर्यंत ते टिकतं, संगणक मधे मिंटमध्ये गेला तरी. म्हणूनच मंगळवारी सकाळी छापलं आणि लाइट जाऊन आल्यावर थांबलं. पावसाळ्यात दिवसाला चारदा लाइट जाणाऱ्या गावात हा प्रिंटर चारदा कोरी पाटी होतो.

मिंटनं स्वतःहून जो ड्रायव्हर लावला होता तो फू२झेडजेएस. त्यातही हा प्रिंटर चालतो, पण फर्मवेअरची फाइल वेगळी मिळवून द्यावी लागते. उपाय एचपीलिपचा, म्हणजे एचपीच्या लिनक्ससाठीच्या छपाई-सॉफ्टवेअरचा. आधी ‘प्रिंटर्स’मधून जुनी रांग काढून टाकायची. मग इंटरनेट सुरू असताना ‘एचपी-सेटअप -आय’ चालवायचं. यूएसबी निवडायचं. मधे ते प्लगइन मागतं. डाउनलोडला ‘डी’, परवान्याच्या अटींना ‘वाय’. हे प्लगइन मुक्त नाही, बंद आहे, आणि फर्मवेअर त्यातच असतं. प्लगइन लागलं की प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी सुरू करावा. क्षणभरात आतली मोटर फिरल्याचा आवाज येतो. तो आवाज म्हणजे फर्मवेअर पोचल्याची पावती, चाचणीपान त्यानंतर.

दोन गोष्टी पुढं अडवतात. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपडेटमध्ये एचपीलिप पुढं सरकलं आणि प्लगइन मागं राहिलं की प्रिंटर पुन्हा झोपतो. तेव्हा ‘एचपी-प्लगइन -आय’. दुसरं म्हणजे लाइट झपकन जाऊन आली की कधीकधी फर्मवेअर आपोआप पाठवलं जात नाही. प्रिंटरचं बटण बंद-चालू करून बहुधा भागतं. नाही भागलं तर ‘एचपी-फर्मवेअर’. सहायकानं या आज्ञेचं चित्र डेस्कटॉपवर ठेवलं आणि नाव दिलं ‘प्रिंटर उठव’. प्रिंटर यूपीएसवर घालावा असा सल्ला स्थानिक दुरुस्तीवाल्यानं दिला होता. तो मानला नाही हे बरं केलं : लेझर प्रिंटर कागद तापवताना एकदम शेकडो वॉट ओढतो आणि घरगुती यूपीएसला ते झेपत नाही.

सहायकानं धाग्याच्या विषयात ‘सुटलं’ असं जोडलं आणि नेमकं काय केलं ते सहा ओळींत लिहिलं. याला शिष्टाचार म्हणा, पण त्याचा व्यावहारिक फायदाही आहे. पुढच्या प्रश्नाला तोच माणूस पुन्हा आला, आणि या वेळी त्याला यंत्राची कुंडली विचारावी लागली नाही.

लिनक्सचं नसलेलं दुखणं

अभ्यासिकेतलं यंत्र इन्स्टॉलच्या मधेच गोठत होतं. कधी ३० टक्क्यांवर, कधी ८०. गावात एकमत झालं की जुन्या यंत्राला लिनक्स मानवत नाही. चर्चापीठावरच्या त्याच माणसानं क्रमानं तीन गोष्टी विचारल्या : बेरीज ताडली का, दुसरा पेनड्राइव्ह पाहिला का, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ चालवलं का. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी गोठतं याचा अर्थ फाइलपेक्षा स्मृतीवर संशय जास्त. मेमटेस्टनं पहिल्या फेरीतच लाल ओळी दाखवल्या.

परदेशातला माणूस म्हणाला, रॅम बदला. इथं गावातल्या टीव्ही-संगणक दुरुस्तीवाल्याचं ज्ञान वरचढ ठरलं. त्यानं रॅमच्या काड्या काढल्या आणि त्यांच्या सोनेरी दातांवरचा काळपट-हिरवा थर दाखवला. खारी हवा आणि चार महिने दमट. पेन्सिलीच्या पांढऱ्या खोडरबरानं दात पुसले, ब्रशनं खाच झाडली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही पुसून वाळू दिलं. मेमटेस्ट रात्रभर चालवलं, एकही लाल ओळ नाही. इन्स्टॉल पंचवीस मिनिटांत पार पडलं. खर्च शून्य. मेमटेस्ट कुणी सुचवलं आणि खोडरबर कुणी काढलं, ही दोन वेगळी माणसं होती, आणि यंत्राला दोघांचीही गरज होती.

तिसरं यंत्र लॅपटॉप. वाय-फाय दिसेना. ‘एलएसपीसीआय -एनएन’मध्ये ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, ओळखक्रमांक १४ई४:४३६५. या चिपला वेगळा बंद ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठी वाय-फाय. वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यानं दहा मिनिटांत गाठ सोडवली : मोबाइल यूएसबी केबलनं जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ब्रॉडकॉम. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असल्यानं एक पासवर्ड ठरवायला सांगितला गेला. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. घाईत तिथं ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर असूनही चालत नाही. ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा प्रश्न चर्चापीठावर नेण्याची गरजच नव्हती.

मराठीचे प्रश्न कुठे न्यावेत

ग्रंथपाल बाई टंकलेखनाच्या परीक्षेतून आलेल्या. बोटं रेमिंग्टनच्या मांडणीत बसलेली. काउंटरवर इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी लावून दिली तेव्हा त्यांनी एक पावती लिहायला सात मिनिटं घेतली आणि मग विंडोज उघडलं. लिनक्स सोडून जाणारे बरेचसे इथंच सुटतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं नाही.

मिंटच्या चर्चापीठावर हा प्रश्न टाकल्यावर तीन सद्भावनेची उत्तरं आली, तिन्ही हिंदी फोनेटिकची. त्या लोकांना देवनागरी म्हणजे हिंदी. प्रश्न पुण्याच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाकडे, पीएलयूजीकडे, गेला तेव्हा पहिल्याच उत्तरात नेमकं नाव आलं. मराठी टंकनाचं पुष्कळसं मुक्त काम भारतातच झालंय. लोहित फॉन्टांमागे पुण्यातले रेड हॅटचे अभियंते होते. तेव्हा मराठीचा प्रश्न मराठी टाइप करणाऱ्याकडे.

नेमकं असं : ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ ही टंकनाची दोन पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे). मग ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडायचं, आणि लॉगआउट करून परत यायचं. (लॉगआउट न केल्यानं ‘काहीच झालं नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते.) मग आयबसच्या पसंतीत मराठीखाली मांडण्यांची यादी दिसते : इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट२, फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन, टाइपरायटर. बाईंना रेमिंग्टन लागलं, एकदोन चिन्हांची जागा सोडली तर बोटांच्या सवयीनं. सहायकाला गमभन. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना आयबसही लागत नाही, कीबोर्डाच्या मांडण्यांतच ‘मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ असतं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य येत नाही असं वाटलं तर शिफ्ट-जे नं ऱ, मग हलन्त, मग य.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरी ही वेगळी खोली आहे हे समजून घ्यावं लागतं. ‘टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स’मध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून मराठी निवडायचं. नाहीतर फॉन्टाचा आकार १४ करूनही मराठी १२ च राहते, कारण बदललेला आकार रोमन अक्षरांचा असतो. जुन्या फाइलींत मंगल फॉन्ट असतो. मिंटवर तो नाही, त्याच्याऐवजी दुसरा लागतो, ओळींची उंची बदलते, आणि दोन पानी अर्ज तिसऱ्या पानावर सही घेऊन उतरतो. ऑप्शन्समधल्या फॉन्ट-बदलाच्या तक्त्यात मंगलच्या जागी एक ठरावीक फॉन्ट, समजा मुक्ता, कायमचा नेमून टाकला तर निदान दर वेळी सारखं दिसतं. लेखनाची भाषा मराठी लावली आणि फॉन्टात सोय असली तरच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाच्या ल वर कार्यवाहांची हरकत आली होती, ती अशी मिटली.

शिकायला वेगळं काही लागलं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, एकेक दहा मिनिटांच्या आसपासचा. काहींत मेन्यू जुन्या आवृत्तीचे दिसतात. तेवढं सांभाळून घ्यावं.

सल्ला आला, पण घ्यायचा का

लाइटचा दुसरा फटका अपडेट चालू असताना बसला. काउंटरचं यंत्र मधेच बंद पडलं, नंतर कुठलंही पॅकेज लागेना. शोधल्यावर दोन उत्तरं हाती आली. एक २०१३ सालचं : कुलुपाच्या फाइली (दोन इन्स्टॉल एकदम चालू नयेत म्हणून असलेल्या) हातानं पुसून टाका. दुसरं : ‘सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं). यंत्रणा दुसरीच सुचवत होती, त्रुटीच्या संदेशातच ते वाक्य होतं. संदेश आधी वाचावा, मग शोधावा. कधी सुरुवातच होत नाही आणि ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहिलेली काळी ओळ येते. तेव्हा वर डिस्कच्या ज्या विभागाचं नाव दिलेलं असतं त्याच्यावर ‘एफएससीके -वाय’ चालवलं की बहुतेकदा फाइल-व्यवस्था सावरते. या प्रसंगानंतर संगणकाला, प्रिंटरला वगळून, ६०० व्हीएचा यूपीएस आला आणि ‘टाइमशिफ्ट’ची साप्ताहिक प्रत सुरू झाली. टाइमशिफ्ट यंत्रणा परत आणतं. सभासदांची यादी आणि पावत्या त्यात धरू नयेत, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर.

अनोळखी माणसानं दिलेली आज्ञा चालवण्याआधी पाहायचं ते थोडकं आहे. उत्तराची तारीख आणि आवृत्ती. आज्ञेत ‘आरएम’ (फाइली पुसणारी) किंवा ‘डीडी’ (डिस्कवर थेट लिहिणारी) आहे का. संकेतस्थळावरून काही उतरवून थेट ‘सुडो’च्या हाती देते का. उघड्या चर्चेत चुकीचा सल्ला आला तर दुसरा कुणीतरी टोकतो. खासगी संदेशात टोकणारा कुणी नसतो, म्हणून ‘मला खासगीत लिहा’ म्हणणाऱ्याला नम्रपणे उघड्यावरच उत्तर द्यायला सांगावं. दूरून यंत्राचा ताबा मागणाऱ्याला नाही म्हणावं. संवादी एआयला विचारलं तर उत्तर लगेच येतं आणि कधी त्यात अस्तित्वातच नसलेलं पॅकेज असतं. ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव दिलं की ते खरं आहे का ते कळतं.

तीन यंत्रांची अपडेट तीनदा उतरवणं कमी डेटात परवडत नाही. एका यंत्रावर ‘ॲप्ट-गेट -डी डिस्ट-अपग्रेड’नं फक्त उतरवून घेतलं, ‘व्हार, कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज’मधल्या डेब फाइली पेनड्राइव्हनं बाकी दोहोंत त्याच जागी ठेवल्या. तिथं आधी ‘ॲप्ट-गेट अपडेट’ केलं की त्या फाइली पुन्हा उतरवल्या जात नाहीत. इथं ‘ॲप्ट’ऐवजी ‘ॲप्ट-गेट’च वापरायचं; ‘ॲप्ट’ बसवून झाल्यावर फाइली पुसून टाकतं.

चौथं यंत्र

चौथ्या यंत्रात सुमारे अकरा हजार पुस्तकांची यादी आहे, एक्सेलमध्ये, डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेली. हा युनिकोडपूर्व फॉन्ट. आतली अक्षरं रोमन चिन्हांचीच, वर मराठीचा मुखवटा. मिंटवर उघडली तर नुसती गिचमिड दिसते. लिब्रेऑफिसच्या फॉन्टच्या चौकटीत नाव तिरप्या अक्षरात दिसलं की तो फॉन्ट यंत्रावर नाही असं समजावं. पण नाव कळतं, आणि मदत मागताना तेच लागतं. सहायकानं आधी ‘जुना मराठी फॉन्ट’ एवढंच लिहिलं होतं, तेव्हा कुणीतरी कृतिदेवचा परिवर्तक दिला. हिंदी पट्ट्यात कृतिदेव फार चालतो. त्यातून निघालेलं मराठी वाचण्यासारखं नव्हतं, कारण त्या दोन फॉन्टांत एकाच चिन्हामागे वेगवेगळी अक्षरं आहेत.

डीव्हीबी कुटुंबाचा परिवर्तक मिळाल्यावरही चुका उरल्या, आणि त्या ठरलेल्या जागी. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार उलट : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडात आधी. साध्या अक्षरांत परिवर्तक हे अदलाबदल नीट करतो. ‘स्थिती’, ‘कीर्ती’, ‘मार्मिक’ अशा ठिकाणी, म्हणजे जोडाक्षर किंवा रफार आणि वेलांटी एकत्र आली की, घसरतो. म्हणून अकरा हजार ओळी वाचण्याऐवजी तपासणीची यादीच वेगळी केली : ज्या ओळीत हलन्त ‘्’ (जोडाक्षर आणि रफार दोन्हींत तो असतो) आणि ‘ि’ किंवा ‘ी’ जवळजवळ आहेत तेवढ्याच गाळून काढल्या. दोनेक हजार निघाल्या.

त्या ओळी अभ्यासिकेतली तीन मुलं रविवारी दुपारी मूळ दाखलनोंदवहीशी ताडून दुरुस्त करताहेत. ‘क’ पासून ‘भ’ पर्यंत झालं आहे. तोवर चौथं यंत्र विंडोजवरच आहे, इंटरनेटची केबल काढून, वर कागद चिकटवलेला : ‘नेट जोडू नये. यादी पूर्ण झाल्यावर विचारावे.’